कुंकवाचं बोलावणं

गोठ्यामागं, उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्याआड, जुन्या पोत्याखाली वाळत घातलेलं फडकं तुळजाबाईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पोतं ओलं कशानं झालं म्हणून तिनं उचललं होतं, तेवढंच. खाली धुऊनही न निघालेला तपकिरी डाग होता. तिनं पोतं होतं तसं टाकलं आणि शेणाची पाटी भरभर भरायला घेतली, कुणी मागून हाकलत असल्यासारखी.

घरात सून होती ती बाळंतपणाला माहेरी गेलेली. तुळजाबाईचं स्वतःचं सगळं कधीच आटोपलेलं. राहिली कुसुम, तिची धाकटी जाऊ. आणि कुसुमचंही आटोपून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. एका घरात नांदलेल्या दोन जावांना एकमेकींचं हे एवढं ठाऊक असतंच, मग त्या बोलोत न बोलोत.

कुसुमचा नवरा हिंदुराव, म्हणजे तुळजाबाईच्या नवऱ्याचा, जयसिंगचा, धाकटा भाऊ, कारखान्याला ऊस घालून परतताना ट्रॅक्टर उलटून गेला. त्याला आता आठ वर्षं होत आली होती. एकुलती लेक लग्न होऊन सासवडला गेली. तेव्हापासून कुसुम या घरात होती ती कामाला सगळ्यांच्या आधी आणि जेवायला सगळ्यांच्या मागून. तक्रार म्हणून नाही. तुळजाबाईला कधीकधी वाटे, हिनं एकदा तरी भांडावं, म्हणजे आपल्यालाही चार शब्द बोलून मोकळं होता येईल.

विचारावं का तिला? पण विचारायचं काय? पाळी गेलेल्या विधवेला पुन्हा लाल दिसलं, तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं. तो अर्थ तुळजाबाईच्या मनातही डोकावून गेला. आला तसा तिनं हाकलून लावला, पण आला होता खरा, आणि त्याची तिला स्वतःलाच किळस आली. मग ती दिवसभर उगाचच भांड्यांवर चिडत राहिली. त्या दिवसापासून कुसुम मेथी उपटताना किती वेळा पाठ सरळ करते, पाण्याची कळशी कुठल्या कमरेवर घेते, हे सगळं तिला दिसायला लागलं. आधी दिसत नव्हतं असं नाही. बघायची गरज पडली नव्हती.

मांजरी गावात तेव्हा एका अंगाला मेथी, फ्लॉवर आणि ऊस होता, आणि दुसऱ्या अंगानं, हडपसरकडून, आयटीवाल्यांचे टॉवर रोज थोडे जवळ सरकत होते. तुळजाबाईचा मुलगा साईनाथ त्यातल्याच एका कंपनीची माणसं रात्रभर गाडीतून ने-आण करायचा आणि दिवसा मढ्यासारखा झोपायचा. जयसिंग शेताच्या बांधावर उभा राहून समोरच्या काचा बघायचा आणि म्हणायचा, "दुपारी त्या काचांचं ऊन आपल्या मेथीवर पडतंय. पाला करपतोय." खरंखोटं देवाला ठाऊक, पण त्याला कुणावर तरी राग काढायला ते बरं होतं.

रुपाली मॅडम आल्या त्या याच दिवसांत, संक्रांतीच्या तोंडावर. शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या डॉक्टर. उंच, बारीक, बोलणं कात्रीसारखं. सरपंचांनी सांगितलं होतं, बायका पाहिजेत तर तुळजाबाईला धरा. ते खरंच होतं. भजनाला असो, बचतगटाला असो, तुळजाबाई उठली की आळी उठायची. गावात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन तिला आवडतही होतं.

"दोनदा शिबिर लावलं," रुपाली मॅडम ओट्यावर टेकत म्हणाल्या. "पहिल्यांदा शिपाईबाई आल्या. दुसऱ्यांदा त्याही आल्या नाहीत. तुमच्या गावात बायका राहतात ना? मतदार यादीत तरी दिसतात."

"तपासता काय तुमी?"

"गर्भपिशवीचं तोंड. कॅन्सर व्हायच्या आधीच कळतं. व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठला तर पुढच्या इस्पितळात पाठवायचं. दुखत नाही. तपासणी बायकांची, अभ्यास आमचा. गावागावांत हे करता येतं का, ते आम्हाला बघायचंय."

"आतनं तपासनार म्हना की."

"आतून. बाहेरून दिसलं असतं तर मी कशाला आले असते?"

तुळजाबाई चहा गाळत होती. गाळता गाळता, पाठ मॅडमकडं ठेवूनच, तिनं विचारलं, "पाळी गेलेल्या बाईला परत लाल दिसलं तर काय असतं वो?"

मॅडमनी मान वर केली. मग त्यांचा आवाज निराळा आला, कात्री मिटल्यासारखा. "कोणाला दिसलंय?"

"कुनाला नाय. आपलं इचारलं."

"काही वेळा साधं असतं. काही वेळा तोच कॅन्सर असतो. त्या 'कुनाला नाय'ला सगळ्यात आधी माझ्याकडे आणा. त्यात महिने घालवायचे नसतात."

चहाचं गाळणं तुळजाबाईच्या हातात तसंच राहिलं. आतापर्यंत तिनं एकाच गोष्टीचं भय धरलं होतं, आणि ती गोष्ट लोकलाजेची होती. दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुसुमला हे कसं सांगायचं? सांगायला गेलं की 'तुमास्नी कसं कळलं' हे येणार. म्हणजे पोतं आलं, फडकं आलं, आणि मनात आलेलं तेही आलं. त्यापेक्षा सगळ्या गावाच्या बायका लोटल्या, तर त्यांच्यात कुसुमही जाईल. न विचारता, न बोलता काम होईल.

आणि तुळजाबाईला युक्ती सुचली.

"मॅडम, तुमी शिबिर म्हनू नका. शिबिराला कोन येतंय? आता संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिस. शाळेच्या आवारात मोठं हळदीकुंकू ठेवू. वाण तुमचं, तिळगूळ आमचा. बाई कुंकवाचं बोलावणं मोडत नाय. आल्या की येकयेकीला वर्गात घ्या पडद्याआड."

रुपाली मॅडम हसल्या. त्या हसू शकतात हे तुळजाबाईला तेव्हाच कळलं. "आमचे साहेब याला पार्टनरशिप म्हणतात. वर्षभर तेच शोधतायत."

"आमच्यात याला दुसऱ्याच्या घरचं कार्य म्हनत्यात. राबायचं आपन आन् नाव त्यांचं." पण ती मनातून फुलली होती.

संक्रांत झाली आणि तुळजाबाईनं नवं इरकल नेसून करंडा हातात घेतला. दारोदार गेली. बोट कुंकवात बुडवायचं, कपाळाला टेकायचं, 'रविवारी शाळेत या बरं का' म्हणायचं, पुढच्या दाराला लागायचं. पंचायतीत वर्षभर धूळ खाल्लेलं काम तिनं दोन सकाळींत उरकलं. वाटेत टॉवरमधल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायका भेटल्या, त्यांनाही तिथंच रस्त्यावर कुंकू लावलं.

रविवारी शाळेचं आवार फुलून गेलं. वाण म्हणून संस्थेनं झाकणाच्या डब्या आणल्या होत्या. इयत्ता तिसरीच्या वर्गात पडदे लावून टेबल मांडलं होतं, भिंतीवर बेडूक आणि त्याचं जीवनचक्र तसंच होतं. पहिल्या दोघीतिघी घाबरत आत गेल्या आणि तोंडाला पदर लावून हसत बाहेर आल्या.

"अगं, त्या चायनीजच्या गाडीवरचं पानी हाय ते. तोच वास."

"मंग बाई, तुझं मंचुरियन झालं म्हन की."

एवढं ऐकल्यावर भीड कुठली राहते? रांग लागली. रुपाली मॅडमना मान वर करायला फुरसत नव्हती. दाराशी उभी राहून तुळजाबाई हळद लावत होती, अत्तर लावत होती, 'आत जा गं, खात नाय तुला कुनी' म्हणत होती. तिच्या हाताला पिवळं चढलं होतं आणि आवाज बसला होता. मध्येच कुणीतरी तिला म्हणालं, "तुझं झालं का गं?" ती म्हणाली, "यजमानीन शेवटी जेवती." खरं म्हणजे तिलाही त्या टेबलाची भीती वाटत होती, पण ते कशाला सांगा?

तिची नजर सारखी फाटकाकडं जात होती. शेजारची गोदाबाई आली. खालच्या आळीच्या आल्या. कुसुम काही येईना. तुळजाबाईला वाटलं, कामात गुंतली असेल, येईल. ऊन डोक्यावर आलं, तिळगुळाची ताटं रिकामी झाली, संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर खुर्च्या उचलायला लागला. मग मात्र तिला राग आला. सारं गाव येतं आणि घरातली येत नाही? ती तशीच, हळदीनं माखलेल्या हातांनी, शेताकडं निघाली.

कुसुम मेथीच्या वाफ्यात होती. उपटलेली मेथी मुठीत घेऊन माती झटकत होती. एक हात ओटीपोटाशी होता. तुळजाबाईला पाहून तिनं तो काढला.

"का गं? आली का नाहीस?"

"कुटं?"

"शाळंत. सारा गाव लोटला. डाक्टरीन वाट बघून दमली."

कुसुमनं जुडी पाटीत टाकली. मग वर बघून अगदी सहज, वाईटपणा न घेता म्हणाली, "मला कुटं बोलावनं आलं?"

"तू घरातली. तुला गं कसलं बोलावनं?"

"कुंकवाचं व्हतं नव्हं, आक्का."

तुळजाबाईला तेव्हा कुठं आठवलं. बोलावणं सुरू केलं त्या सकाळी करंडा घेऊन ती घरातूनच निघाली होती. पहिलंच दार कुसुमच्या खोलीचं होतं. कुसुम उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, आणि तुळजाबाई तिच्यावरून पुढं गेली होती. मनाला न सांगता, पायांनीच वळण घेतलं होतं. आठ वर्षं घेतात तसं. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, तिच्यावरूनच. कुसुमनंही मान वर केली नव्हती, तीही आठ वर्षं करत नव्हती.

"मंग आता चल," तुळजाबाई कशीबशी म्हणाली. "डाक्टरीन हाय अजून."

"सवाष्णींची पंगत उठली की उष्ट्यावर बसाया?" कुसुम पुन्हा वाफ्यात वाकली. "जावा तुमी. टेंपो यायच्या आत जुड्या व्हायला पायजेत."

त्या दिवसापासून तुळजाबाईला स्वस्थता नव्हती. घास गिळेना, एका जागी बसवेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. जयसिंगनं पहिल्यांदा ताट सरकवलं, मग विचारलं, "काय झालंय तुला?"

"मी कुसुमला वगळलं."

"कशातनं?"

"हळदीकुंकवातनं."

"मंग? रीत हाय ती. तू काय नवी पाडलीस व्हय?"

"नवीच पाडली," तुळजाबाई म्हणाली. "आजवर दवाखान्याला कुंकू लागत नव्हतं. मी लावलं."

जयसिंगला यातलं काही उमजलं नाही. तो बांधावर टॉवरच्या काचा बघायला निघून गेला.

चारपाच दिवसांनी रुपाली मॅडम परत आल्या. काही बायकांना पुढं पाठवायचं होतं, त्यांच्या घरी त्या स्वतः जाऊन बोलल्या. मग तुळजाबाईच्या ओट्यावर आल्या. चेहरा काही जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"साहेबांना आकडे दाखवले," त्या म्हणाल्या. "खूश झाले. मग चष्मा काढून विचारलं, या गावात कोणाचे नवरे मरत नाहीत का?"

तुळजाबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"बरोबर विचारलं त्यांनी. माझी आई आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला वडील गेल्यापासून जात नाही. दार लावून टीव्ही बघत बसते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच ठेवला. "तुम्ही कोणाबद्दल विचारत होतात, त्या आल्या होत्या का?"

"नाय. ती आमच्यातलीच हाय. माझी जाऊ."

"आणि त्या विधवा आहेत."

"व्हय."

दोघींनीही एकमेकींना दोष दिला नाही. देता आला असता, पण तो दोन्हीकडं सारखाच निघाला असता.

"मंग आता परत लावा," तुळजाबाई म्हणाली. "फकस्त ज्या आल्या न्हाईत त्यांच्यासाठी."

"इथलं काम संपलं, तुळजाबाई. उद्यापासून गाडी पुढच्या गावाला. ठरलेलं असतं सगळं. तुमच्या जावेला घेऊन तुम्ही सरळ इस्पितळात या, मी चिठ्ठी देते."

"ती येनार नाय. येकटी तर नायच. आन् तिच्यासारख्या बाकीच्यांचं काय? त्यास्नी मी वगळलंय, तिला येकटीलाच नाय." तुळजाबाईनं पदर खोचला. "मॅडम, तुमास्नी बायका पायजे व्हत्या, मी आनून दिल्या. माझा शब्द तुमी वापरला. आता तुमचा येक दिस मला द्या. नायतर ते पार्टनर का काय ते परत कुनाला म्हनू नका."

रुपाली मॅडमनी तिच्याकडं बघितलं. पुणेरी माणसाला कुणी तोंडावर बोललं की आधी राग येतो आणि मग हिशेब पटतो, तसं त्यांच्या चेहऱ्यावर झालं.

"कुठं घ्यायचं? शाळा चालू आहे."

"आमच्या शेतातली पत्र्याची शेड. जुड्या बांधतो तिथं. निम्म्या विधवा त्याच वाटंनं कामाला जात्यात. कुनी बघायचं नाय, इचारायचं नाय."

"लाइट?"

"लोडशेडिंग हाय. बॅटरी आना."

"वा. टेबल तरी आहे की तेही मीच आणू?"

"कांद्याचा माचा हाय. धुऊन ठिवते."

"गुरुवारी," मॅडम म्हणाल्या. "सकाळी. आणि साहेबांना काय सांगायचं ते माझं मी बघते."

आता खरी पंचाईत झाली. कुंकवाचं बोलावणं कसं करायचं ते साऱ्या गावाला पाठ होतं. पण विधवेला बोलावण्याची रीतच नव्हती. तुळजाबाई पहिल्या दाराशी, धोंडिबाच्या म्हाताऱ्या आईकडं गेली, ती मोकळ्या हातांनी. हात कुठं ठेवावेत हेच कळेना. कधी पदराशी, कधी चौकटीला. म्हातारीनं तिला तसं सकाळच्या पारी दारात पाहिलं आणि हातातला कुंचा टाकून खाली बसली.

"कोन गेलं?"

"कुनी नाय वो."

"मंग अशी मोकळी का उभी? आमच्या दारात सकाळी मानूस येतं ते मयताचा सांगावा घिऊनच."

"बोलवाया आले. गुरुवारी शेतात तपासनी हाय."

"मला? वय झालं माझं, मला काय व्हतंय आता," म्हातारी म्हणाली. मग जरा थांबून, "पर बोलवाया आलीस व्हय," असं स्वतःशीच बोलली आणि कुंचा उचलायला विसरली.

तुळजाबाई तिथून परत घरी आली. पाटीतल्या मेथीच्या जुड्या तिनं ओच्यात घेतल्या आणि मग पुन्हा निघाली. प्रत्येक दारात एक जुडी ठेवायची, 'गुरुवारी शेतात ये' म्हणायचं. हाताला काम मिळालं तसं तोंडालाही मिळालं. कुणी हो म्हणालं, कुणी 'सून काय म्हनंल' म्हणालं, एकीनं दार लावून घेतलं. एकीनं मेथी घेतली आणि रडायलाच बसली. तिला काय सांगावं हे तुळजाबाईला कळलं नाही, म्हणून ती तिच्याजवळ बसून राहिली.

शेवटचं दार आपल्याच घरातलं ठेवलं होतं. कुसुमच्या खोलीपुढं ती उभी राहिली आणि जुडी पुढं केली.

कुसुमनं जुडी उलटीपालटी करून बघितली. "मीच बांधलीय की ही."

"व्हय. दुसरं हाय काय माझ्याकडं? गुरुवारी ये कुसुम."

"मला काय झालंय?"

तुळजाबाईचं धाडस तिथं संपलं. "सगळ्याच येनार हायेत," एवढंच ती म्हणाली. कुसुमनं जुडी आत नेऊन ठेवली. हो म्हणाली नाही आणि नाहीही.

गुरुवारी धुकं होतं. शेडमध्ये माचा धुऊन त्यावर स्वच्छ चादर घातली होती, साड्यांचे पडदे बांधले होते. रुपाली मॅडम आणि त्यांची नर्स बॅटऱ्या लावून बसल्या. बाहेर बांधावर बायका जमायला लागल्या. फिक्या साड्या, मोकळी कपाळं. हसणं नाही, चिडवणं नाही. एकमेकींना इतक्या जणी एका जागी बघायची त्यांना सवयच नव्हती. त्या एकत्र जमायच्या त्या कुणाच्या दहाव्यालाच. आत जायला एकही उठेना. धुकं अंगावर ओलं होत राहिलं.

कुसुम वाफ्यात मेथी उपटत होती, नेहमीसारखी, जणू शेडमध्ये काही चाललेलंच नाही. तुळजाबाई तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तीही उपटायला लागली. दोघींचे हात दवानं ओल्या मातीनं काळे झाले.

"कुसुम, मी फडकं बघितलंय," ती म्हणाली. "गोठ्यामागं. पोत्याखाली."

कुसुमचे हात थांबले. "कधी?"

"संक्रांतीच्या आधी."

"तवाच का नाय इचारलं?"

तुळजाबाईनं मेथीची माती झटकली. खोटं बोलायला जागा होती. पण सकाळपासून बांधावर बसलेल्या त्या बायका समोर दिसत होत्या.

"मला भ्या वाटलं. मनात वंगाळ आलं माझ्या."

"मला ठावं व्हतं ते यील, म्हनूनच पोतं टाकलं." कुसुमचा आवाज चढला नाही. त्यानं तुळजाबाईला जास्त लागलं. "सात म्हयने झालं, आक्का. कमरंत कळ यिऊन डोळ्याम्होरं अंधारी येती. आन् मी इचार करती तो ह्योच, आक्का काय म्हनतील, थोरलं दीर काय म्हनतील. जीव जाईल ह्येचा इचार मागनं येतोय."

तुळजाबाईला हुंदका आला. तिनं तो आवरला नाही. हात चिखलाचे, म्हणून डोळे दंडाला पुसले.

"चल," ती म्हणाली.

"तुमचं झालं का तपासून?"

तुळजाबाई पुन्हा मेथीला लागली.

"त्या दिशी झालं व्हतं का? सवाष्णींत?"

"नाय. भ्या वाटलं."

"सगळ्याचंच भ्या वाटतं व्हय तुमास्नी?" कुसुम म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात जावेचा आवाज आला, टोचणारा, जिवंत. "मंग लोकास्नी कशाला म्होरं ढकलता?"

तुळजाबाई उठली. बांधावरून, त्या सगळ्या बायकांच्या देखत, हिरव्या बांगड्यांचा आवाज करत ती शेडकडं चालायला लागली. धोंडिबाची म्हातारी म्हणाली, "अगं तू कुटं आमच्यात?" तुळजाबाई म्हणाली, "म्होरं जाया कुनी पायजे नव्हं."

माच्यावर पाय वर घेऊन पडल्यावर पत्र्याला लागलेली कोळ्याची जाळी तिला दिसली. लाज वाटली, गार लागलं, नाकात व्हिनेगरचा वास शिरला. रुपाली मॅडम म्हणाल्या, "श्वास सोडा. युद्धाला नाही आलात." मग थोडं थांबून, "काही नाही. चांगलं आहे." तुळजाबाईला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटल्याची लाज वाटली.

पडदा सारून ती बाहेर आली तर दाराशी कुसुम उभी होती. पायांना माती, हात पदराला पुसलेले. तिच्यामागं बाकीच्या उठायला लागल्या होत्या.

कुसुमला आत वेळ लागला. रुपाली मॅडमनी व्हिनेगर लावलंच नाही. बॅटरी धरून बघितलं, नर्सला काही हळू बोलल्या, मग कुसुमच्या गुडघ्यावर चादर ओढून तिच्या शेजारी माच्यावरच बसल्या. तुळजाबाईला आत बोलावलं.

"गाठ आहे," त्या कुसुमकडं बघून म्हणाल्या, तुळजाबाईकडं नाही. "कसली ते तुकडा काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मी खोटा धीर देणार नाही. पण हाताला लागतंय त्यावरून उपचार करता येतील असं वाटतंय. आणखी सात महिने पोतं टाकून बसला असतात तर हे म्हणता आलं नसतं." पोत्याची गोष्ट त्यांना कुसुमनं स्वतः सांगितली असणार.

"उद्याच या. मी तिथं थांबते."

दुसऱ्या दिवशी साईनाथ रात्रपाळीवरून आला तो झोपलाच नाही. कंपनीच्या माणसांसाठी पांढरी कव्हरं घातलेल्या सीटवर काकू आणि आई मागं बसल्या. जयसिंगला तुळजाबाईनं सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तो बराच वेळ टोपी फिरवत बसला होता. मग गाडी निघताना खिडकीशी आला आणि भावजयीकडं न बघता, रीतीप्रमाणं, म्हणाला, "शेताचं बघतो मी. तुमी काळजी करू नका." आठ वर्षांत तो तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं.

इस्पितळात तुकडा काढला. कळायला आठवडा लागणार होता. परतताना कुसुम खिडकीला डोकं टेकून होती. हडपसरच्या सिग्नलला तिनं विचारलं, "आक्का, निघालं तसलं, तर?"

"तर काय? परत हीच गाडी. मी हाय."

"आन् मेथी?"

"मेथी जाऊ दे चुलीत."

कुसुमनं डोळे मिटले. हसली की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी कुसुमला अजून रक्त जात होतं. इस्पितळात सांगितलं होतं, एकदोन दिवस जाईल. ती मोरीतून पदराखाली काही घेऊन गोठ्याकडं निघाली, तर तुळजाबाईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "पड तू," म्हणाली. दगडावर आपटून आपटून धुतलं. तरी डाग राहिला. राहू दे म्हणाली. मग ओलं फडकं घेऊन गोठ्याकडं न जाता ती पुढल्या अंगणात आली आणि रस्त्याच्या बाजूच्या तारेवर, जयसिंगच्या धोतराशेजारी, उन्हात घातलं.

रस्त्यानं टॉवरकडं कामाला जाणाऱ्या बायका चालल्या होत्या. गोदाबाई ताक न्यायला आली होती. तिची नजर तारेवर गेली, तिथून घरावरून फिरून पुन्हा तारेवर आली.

"सून तर माहेरी हाय," ती म्हणाली. "कुनाचं गं हे?"

"कुसुमचं," तुळजाबाई म्हणाली. रस्त्यावरच्या बायकांना ऐकू जाईल असं. "पिशवीचं दुखनं हाय तिला. इलाज चालू केलाय."

गोदाबाई ताकाचा तांब्या धरून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, बहुधा वाईट, पण ते बाहेर आलंच नाही. जरा वेळानं ती हळू म्हणाली, "माझ्या भनीलाबी तसंच व्हतंय."

"मंग तिला घिऊन ये."

कुसुम दारात आली होती. तिनं अंगणातलं फडकं बघितलं आणि ते ओढून घ्यायला तरातरा तारेशी गेली. हात लावला. वाऱ्यानं एक टोक सुटून लोंबत होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग धोतराला लावलेला एक चिमटा काढून तिनं तो त्या टोकाला लावला.